ओढ्याच्या वर

चौतीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, बंदोबस्तात तर अर्धं आयुष्य गेलं. त्यातलं बरंचसं आता एकमेकांत मिसळलं आहे. कुठला आरोपी कुठल्या गुन्ह्यातला, हे सांगायला जुनी वही काढावी लागते. पण रक्ताचा एक थेंबही न सांडलेली एक केस मला वारानिशी पाठ आहे. त्या केसमध्ये चुकलेल्यांची यादी केली तर तिच्यात माझंही नाव येतं, म्हणून असेल.

तेव्हा मी सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या भागात एका तालुक्याच्या गावी निरीक्षक होतो. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांचीही लिहिणार नाही. त्याआधी खंडाळ्याला होतो. तिथं महामार्गावरच्या अपघातांचे पंचनामे करून करून माणूस सुन्न होतो. इथं आल्यावर वाटलं, चला, शांत ठाणं मिळालं. मी मूळचा कुंडलकडचा, पाटाच्या पाण्यावर वाढलेला. डोंगराच्या उतारावरच्या माणसांची बोली ऐकायला माझ्यासारखीच, पण तिच्यातले काही शब्द माझ्यापेक्षा वेगळ्या जागी पडतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

गावाला नगरपरिषद होती. काही वर्षांपूर्वी हद्दवाढ झाली आणि ओढ्याकाठची एक धनगरवाडी नगरपरिषदेत आली. पाठोपाठ विकास आराखडा मंजूर झाला. ज्यांचा या गोष्टींशी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी सांगतो. आराखडा म्हणजे गावाचा रंगवलेला नकाशा. त्यात पिवळ्या पट्ट्यात घरं बांधता येतात. हिरवा पट्टा शेतीचा, तिथं वस्तीला परवानगी मिळत नाही. पिवळ्याचं हिरवं झालं तर एखाद्याचं घर जातं, हिरव्याचं पिवळं झालं तर एखाद्याचं नशीब उघडतं.

बुधवार होता. सकाळची हजेरी संपवून मी स्टेशन डायरी बघत होतो, तेवढ्यात गावातला एक प्लॉटचा दलाल आत आला. पांढरा शर्ट, हातात दोन मोबाईल. मी बसा म्हणायच्या आत बसला. अशा माणसांची मला पहिल्यापासून चीड आहे, पण पोलिसाला चीड बाजूला ठेवून कान उघडा ठेवावा लागतो.

"साहेब, नगरपरिषदेत बोगस परवाने निघतायत," तो म्हणाला. "धनगरवाडीत हिरव्या पट्ट्यात घरं उठली. एकोणीस परवाने. सगळे एकाच टेबलावरून गेलेत."

त्यानं झेरॉक्सचा गठ्ठा पुढं सरकवला. नुसत्या कागदांवरून मी हललो नसतो, पण दुपारी नगरपरिषदेच्या मुख्याधिकारी स्वतः फिर्याद घेऊन आल्या. बाई येऊन दोनच महिने झाले होते. स्वभावानं कडक आणि कामाला स्वच्छ. त्यांनी नकाशा टेबलावर पसरून दाखवला. नकाशाच्या मधोमध ओढ्याची निळी रेघ आडवी गेली होती. रेघेच्या वर पिवळं, खाली हिरवं. एकोणीसच्या एकोणीस परवाने खालच्या हिरव्यातले. आधीचे मुख्याधिकारी बदलून गेले होते. फोनवर ते म्हणाले, कारकुनानं टिप्पणी ठेवली, मी सही केली.

"घरं सोमवारी पाडणार आहोत," बाई म्हणाल्या. "नोटिसा दिल्या आहेत. परवानाच खोटा असेल तर मला दुसरा रस्ता नाही. पण हे परवाने दिले कुणी आणि का, ते तुम्ही शोधा."

फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाचा गुन्हा दाखल झाला. बांधकाम परवान्याच्या टेबलावरचा कारकून गुरुवारी सकाळी ताब्यात आला आणि न्यायालयानं सोमवारपर्यंत कोठडी दिली. निलंबनाचा आदेश त्याच्याआधीच टाईप झाला होता. कुंपणानंच शेत खाल्लं, असं आमचं सगळ्यांचं एकमत झालं.

माणूस पन्नाशीचा, बारीक, जुना स्वेटर घातलेला. खिशापाशी शाईचा डाग. त्याच वाडीच्या पलीकडच्या गावात जन्मलेला, नोकरीमुळं गावात स्थायिक झालेला. मला तोंड बघून माणूस ओळखता येतो, असा माझा तेव्हा समज होता. हा घाबरलाय म्हणजे यानं केलंय, असं मी पहिल्या पाच मिनिटांत ठरवून टाकलं. घाबरणं आणि गुन्हा यांचं नातं वाटतं तितकं जवळचं नसतं. आजवर सराईत गुन्हेगार कोठडीत गाढ झोपलेले पाहिलेत.

"परवाने कुणाच्या सांगण्यावरून दिलेत?" मी विचारलं.

"साहेब, मी वरचंच धरून चाललोय. वरचं सोडून एक परवाना दिला नाही."

आता सरकारी खात्यात 'वर' म्हटलं की काय अर्थ होतो? वरचे साहेब. वरून आलेला फोन. वरची कमाई म्हणाल तर तिचाही त्यातच समावेश. मी पुढं सरकलो.

"वर कोण?"

तो गोंधळला. "वर म्हणजे... वरच की साहेब. ठरलंय तसं."

"कुणाशी ठरलंय?"

"सगळ्यांशी. नगरपरिषदेचा ठरावच आहे तसा."

मी मनात म्हटलं, घ्या, म्हणजे सगळेच सामील. तोच प्रश्न मी गुरुवारी विचारला, शुक्रवारी विचारला, आवाज वाढवून विचारला. पहिल्या तासाला मी त्याला 'तुम्ही' म्हणत होतो, दुपारपर्यंत 'तू'वर आलो. हात लावला नाही, हे खरं. पण पन्नास वर्षांच्या माणसाला बायकोनं आणलेला डबा उघडायला न देता अर्धा तास उभा ठेवला, हेही खरंच.

शुक्रवारी मी तो ठराव मागवला. त्यात लिहिलं होतं, 'ओढ्याच्या वरील अंगास रहिवास क्षेत्र ठेवण्यात यावे.' नकाशा काढून बघितला. ओढ्याच्या वर पिवळं होतं. म्हणजे ठराव आणि नकाशा एकमेकांशी तंतोतंत जुळत होते. जुळत नव्हते ते फक्त परवाने. माझा संशय पक्का झाला. याच माणसानं ठरावाकडं बोट दाखवावं आणि त्याच ठरावानं त्याला खोटं पाडावं, याला काय म्हणायचं?

त्याच दिवशी घरझडती घेतली. गाडी बंदोबस्ताला गेली होती आणि माझ्याच्यानं थांबवेना. मी त्याला पेठेतून चालवत नेलं. शुक्रवारचा बाजार भरलेला. भाजीवाल्या बायका तराजू हातात धरून बघत राहिल्या. एका दुकानदारानं गिऱ्हाईक सोडून बाहेर येऊन पाहिलं. याच दुकानदाराच्या माडीचा परवाना ह्याच कारकुनानं दिला होता, हे मला नंतर कळलं. कारकून रस्ताभर आपल्या चपलांकडं बघत चालला. ठाण्यातच थांबून गाडीची वाट बघायला मला काय झालं होतं?

झडतीत काही मिळालं नाही. परत येताना माझे हवालदार, जे निवृत्तीला टेकले होते आणि त्यामुळं कुणाला भीत नव्हते, हळूच म्हणाले, "सायेब, ह्यो मानूस खाल्लेला वाटत न्हाई."

"कशावरून?"

"खाल्लेल्याच्या घरात आदी फरशी बदलत्यात. ह्येच्या घरात शहाबादी हाय, ती बी फुटल्याली."

मी त्यांना गप्प केलं. पण शब्द डोक्यात राहिला.

शनिवारी जागेचा पंचनामा करायला वाडीवर गेलो. सोबत हवालदार, दोन पंच आणि नकाशा. ओढा ओलांडला की जमीन चढत जाते आणि दक्षिणेला डोंगराला टेकते. डोंगराच्या अंगावर पाण्याची मोठी टाकी. गाव आणि आजूबाजूच्या पाच वाड्या यांना मिळून एकच पाणी योजना आहे. तिचा खर्चही सगळ्यांनी वाटून घेतलेला. टाकीच्या पायथ्याशी ती एकोणीस घरं. बरीचशी जोत्यापर्यंत आलेली, तीन-चार स्लॅबपर्यंत, एकच पुरं झालेलं.

त्या पुऱ्या झालेल्या घरात एक म्हातारा मेंढपाळ आणि त्याची बायको राहत होती. जन्मभर मेंढरांमागं कोकणापर्यंत हिंडलेली माणसं. आता पाय चालत नाहीत, म्हणून मेंढरं मुलाकडं सोपवून इथं टेकलेली. सोमवारी घर पाडणार, हे त्यांना ठाऊक होतं. म्हाताऱ्यानं मला आधी पाणी दिलं. घर बघायला आलेल्या पाहुण्याला दाखवावं तसं मला दार दाखवलं. निळा रंग दिलेलं, पत्र्याचं, साधंच दार. म्हातारीनं ते लावलं, कडी घातली, कडी काढली, पुन्हा उघडलं.

"जल्मभर दार न्हवतं, सायेब," म्हातारा म्हणाला. "दार लावायचं म्हंजे भिताड लागतंय. आन् भिताड म्हंजे एका जागी ऱ्हाणं आलं. कदी जमलंच न्हाई."

"बाबा, सोमवारची नोटीस मिळाली ना?"

"मिळाली की. आमी कुटं जायचं त्येचं काय न्हाई. मेंढरासंगं मानूस कुटंबी जातंय. पर ह्ये दार कुटं न्यायचं, ते सांगा."

सरकारी माणूस निरुत्तर झाला की नियम सांगतो. मीही तेच केलं. म्हटलं, "तुम्ही चुकीच्या बाजूला बांधलंत. ओढ्याच्या पलीकडं, रस्त्याच्या बाजूला बांधलं असतं तर अडचण आली नसती. तिथं परवानगी आहे."

म्हातारा हसला. म्हातारीनंही पदर तोंडाला लावला.

"त्या अंगाला? आवं सायेब, तितं आमी मेंढरं बी बसवत न्हाई. ओढा फुगला की समदं पानी तितंच बसतंय. वल ऱ्हाती महिना-महिना. मेंढराची खुरं कुजत्यात. मानसानं कसं ऱ्हायाचं?"

हे वाक्य मला टोचलं. ज्या जागी मेंढरं बसत नाहीत, तिथं घरं बांधा म्हणून आराखडा सांगतो, आणि जी जागा चढावर, कोरडी, टाकीजवळ आहे, तिथं बांधू नका म्हणतो. आराखडे करणारे इतके वेडे नसतात. मी विचारलं, "नगरपरिषदेत नकाशा लावला होता. हरकती मागवल्या होत्या. तुमच्या वाडीतून कुणी बघायला आलं नाही?"

"न्हाई कसं? समदी वाडी गेल्ती. भित्तीवर लावला व्हता. वड्याची निळी रेघ व्हती, तिच्या वर पिवळं व्हतं. ठरल्यापरमान हाय म्हनलं, च्या पिऊन माघारी आलो."

"मग वर पिवळं आहे हे बघून आलात, आणि घर खाली बांधलंत?"

म्हातारा माझ्याकडं बघत राहिला. माझ्या डोक्यावर ऊन चढलंय की काय, अशी काळजी त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसली.

"खाली कुटं, सायेब? ह्ये वरच हाय की!"

आणि त्यानं काठी उचलून डोंगर दाखवला.

मी गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला. उत्तर वर, दक्षिण खाली, शाळेत शिकवतात तसा. म्हातारा जवळ आला, त्यानं थोडा वेळ वाकून बघितलं आणि दोन्ही हातांनी कागद धरून सरळ उलटा फिरवला.

"आसा धरा. डोंगूर हिकडं हाय न्हवं?"

नकाशा उलटा झाला तेव्हा डोंगर डोंगराच्या जागी आला, टाकी टाकीच्या जागी आली. रंग तेवढे चुकीच्या बाजूला राहिले. हवालदारांनी कपाळाला हात लावला. "हात्तिच्या! सायेब, ह्यो तर निस्ता 'वर'चा घोळ हाय."

तिथून मी तडक कोठडी गाठली. कारकून भिंतीला टेकून बसला होता. मला बघताच उभा राहिला. तीन दिवसांत त्याला ती सवय लागली होती. मी म्हटलं, "बसा." मग विचारलं, "ओढ्याच्या वर म्हणजे कुठं?"

त्यानं क्षणभरही विचार न करता हात उचलला आणि कोठडीच्या दक्षिणेकडच्या भिंतीकडं दाखवलं. खिडकी नसलेल्या खोलीत.

"डोंगराकडं, साहेब. अजून कुठं असतंय वर?"

मग सगळं बाहेर आलं. बाहेर आलं म्हणणंही चूकच, कारण तो पहिल्यापासून तेच सांगत होता. पाणी योजनेचा खर्च गावानं आणि वाड्यांनी वाटून घेतला, तेव्हा या वाडीला आपला वाटा रोख देणं जमेना. वाडीनं त्याऐवजी टाकीसाठी डोंगराकडची जमीन दिली. टाकी उंचावरच लागते, नाहीतर नळाला पाणी चढणार कसं? त्या बदल्यात वाडीची एकच अट होती: नगरपरिषदेत आम्हाला घ्याल तेव्हा ओढ्याच्या वरच्या अंगाला घरं बांधायची मोकळीक ठेवा. ती अट मान्य झाली, ठराव झाला. ठराव लिहिणारा हाच कारकून. त्यानं 'दक्षिणेस' न लिहिता 'वरील अंगास' लिहिलं, कारण त्याच्या गावात दक्षिणेला कुणी दक्षिण म्हणत नाही. तिकडं डोंगर आहे, म्हणून ते वर. पुढं तो ठराव शहरातल्या नकाशा करणाऱ्या कंपनीकडं गेला. तिथल्या माणसानं वाडी कधी पाहिली नव्हती. त्यानं कागदावरचं वर धरलं आणि रंग भरला. त्याच्या दृष्टीनं तोही बरोबर. वाडीतली माणसं नकाशा बघायला आली, त्यांनी भिंतीवर वर पिवळं पाहिलं आणि समाधानानं परत गेली. तीही बरोबर. म्हणून हरकत एकही आली नाही.

"छापील नकाशा आला तेव्हा तुम्ही बघितला नाहीत?" मी विचारलं.

"नाही साहेब," त्यानं मान खाली घातली. "ठराव माझ्याच हातचा. नकाशात वेगळं काय असणार म्हणून गुंडाळी कपाटात ठेवली, ती ठेवलीच. तेवढं माझं चुकलं."

चूक त्याची होतीच. ती मी लपवत नाही. पण हलगर्जीपणा आणि बनावट दस्तऐवज यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

रविवारी सकाळी मुख्याधिकारी बाईंना कार्यालय उघडायला लावलं. ठराव, योजनेचा करार आणि नकाशा असे तिन्ही कागद टेबलावर ठेवले. करारात टाकीच्या जागेचा गट नंबर होता. तो गट नकाशात ओढ्याच्या दक्षिणेला, हिरव्यात. घरांच्या अटीवर वाडीनं टाकीला जमीन दिली, त्याच टाकीच्या पायथ्याशी घरं नकोत, असं कुठली नगरपरिषद ठरवेल? बाईंनी दोनदा करार वाचला. मग नकाशा करणाऱ्याला फोन लावला. तो बिचारा पलीकडून म्हणाला, "मॅडम, 'वरील' लिहिलं होतं. नकाशात वर उत्तरच असते."

बाईंनी फोन ठेवला. "मी नुसते रंग बघितले," त्या म्हणाल्या. "जागेवर एकदा जायला हवं होतं." हे बोलायला मोठं मन लागतं. माझ्या खात्यात ते मला क्वचित दिसलं, माझ्यातही. त्यांनी तिथल्या तिथं जेसीबीचा आदेश थांबवला आणि आराखड्यातल्या दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवायला घेतला.

दलालालाही मी बोलावलं. ओढ्याच्या रस्त्याकडची ओलीची जमीन त्यानं आराखडा जाहीर झाल्याबरोबर घेऊन ठेवली होती, हे एव्हाना कळलं होतं. चूक त्यानं केली नव्हती. ती त्यानं सगळ्यांच्या आधी ओळखली आणि जपून ठेवली. वाडीची घरं टिकली तर कुणीतरी कधीतरी नकाशा उलटा धरून बघणार आणि त्याची जमीन हिरव्यात जाणार, ही त्याला धास्ती. म्हणून ती आमच्या हातून पाडायची.

"साहेब, मी खोटं काय बोललो?" तो म्हणाला. यावेळी उभाच होता. "नकाशात हिरवं आहे की नाही?"

त्याच्यावर लावायला माझ्याकडं कलम नव्हतं. खरं बोलून माणसाला संपवता येतं, आणि त्याला कायद्यात शिक्षा नाही. तेव्हापासून टीप घेऊन येणाऱ्याला मी आधी पाणी देतो आणि त्याचं पोट नेमकं कुठं दुखतंय ते बघतो.

सोमवारी कारकुनाला न्यायालयानं सोडलं. पुढं आम्ही सी समरी पाठवली. म्हणजे गुन्हा खराही नाही आणि खोटाही नाही, गैरसमजातून दाखल झाला. इतक्या वर्षांत मी पाठवलेल्या अहवालांत इतका नेमका एकही नव्हता. सुटताना ठाणे अंमलदारानं त्यांच्या वस्तू परत दिल्या. चष्मा, पेन, पट्टा. त्यांनी पोहोच लिहून सही केली आणि ते माझ्या टेबलासमोर थांबले. आवाज चढवला नाही.

"साहेब, तीन दिवस तुम्ही मला कुणी सांगितलं, कुणी सांगितलं, हेच विचारत राहिला. एकदा 'कुठं?' असं विचारलं असतं तर मी हात करून दाखवलं असतं."

मी मान हलवली. माफी मागायला हवी होती. तोंडात शब्दही आला होता. पण समोर अंमलदार उभा, दारात दोन शिपाई. वर्दीत असताना तो शब्द गिळायची आम्हाला सवय असते. मी गिळला.

निलंबन एका दिवसात झालं होतं, ते उठायला बरेच महिने लागले, तेही बाई मागं लागल्या म्हणून. दुरुस्तीही यथावकाश झाली. माझी बदली तोवर सांगलीकडं झाली होती. हवालदार निवृत्त होऊन त्याच गावात राहिले, अधूनमधून फोन करत. एकदा म्हणाले, "सायेब, त्यो कारकून कामावर रुजू झाला. पर पेठंतनं जात न्हाई आता. ओढ्याच्या कडंनं, मागल्या वाटंनं हापिसात जातोय. लय लांब पडतंय, पर जातोय."

ती गोष्ट माझ्या मनातून जाईना. गुन्हा मिटला, घरं वाचली, नकाशा सुधारला, आणि मी एका शुक्रवारी केलेली गोष्ट मात्र तशीच शिल्लक. तिच्यावर कुणी दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवणार नव्हतं.

निवृत्तीनंतर मेंढपाळ म्हाताऱ्याचं बोलावणं आलं. वास्तुशांत कधीची राहिली होती, ती आता करत होते. मी बसनं गेलो. कारकूनही आले होते, केस पिकलेले. आम्ही दोघं एकाच घोंगडीवर बसून जेवलो आणि पावसापाण्याच्या गप्पा मारल्या. म्हातारीनं निघताना मला पुन्हा दार लावून, उघडून दाखवलं. कडीला आता चकाकी राहिली नव्हती. रोजच्या हातानं ती काळी झाली होती.

परत निघालो तेव्हा ओढ्याशी कारकून सवयीनं मागल्या वाटेकडं वळले. मी त्यांचा हात धरला.

"इकडून चला. पेठेतून."

"राहू द्या साहेब. मला हीच वाट बरी पडते."

"आज शुक्रवार आहे," मी म्हटलं. "बाजार असेल. म्हणूनच चला."

ते सोबत आले. आम्ही पेठेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं चालत गेलो. मी त्यांच्या अर्धं पाऊल मागं राहिलो. जो दुकानदार त्या दिवशी बाहेर येऊन बघत होता, त्याच्या दारात मुद्दाम थांबलो. मला ओळखून तो गडबडीनं उठला.

"या माणसाला मी इथून चालवत नेलं होतं, आठवतं?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "माझी चूक झाली होती. तिची माफी त्यांच्याकडं मागायची राहिली होती."

आणि वळून, भाजीवाल्या बायकांच्या देखत, मी त्यांची माफी मागितली. दुकानदार नुसताच हात जोडून उभा राहिला. पुढची पेठ कारकून चपलांकडं बघत चालले नाहीत.

पेठ संपली तिथं ते थांबले. घसा खाकरून म्हणाले, "साहेब, बसला वेळ आहे अजून. घरी चला, चहा घेऊ. वरच आहे इथून."

"वर म्हणजे कुठं?" मी विचारलं.

ते हसले. त्या माणसाला मी पहिल्यांदाच हसताना पाहत होतो. मग त्यांनी हात उचलून डोंगर दाखवला, आणि आम्ही त्या बाजूला चालू लागलो.